उतारावरचं तेल

इंजिन ऑइल कधी बदललं, हे ट्रकवाल्याला कुणीही विचारतं. पंपावरचा मुलगा विचारतो, वजनकाट्यावर ओळखीचा भेटला तर तोही विचारतो. गिअर ऑइलचं कुणी विचारत नाही. ते जळत नाही, धूर काढत नाही, डॅशबोर्डवर त्याचा ना काटा ना दिवा. गाडीच्या पोटाखाली एका लोखंडी पेटीत ते पडून असतं, आणि एकदा भरलं की वर्षानुवर्षं तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. मला मात्र गेले काही महिने या तेलानं झोप लागू दिलेली नाही. त्याला कारण चोर्ला घाट.

गोव्याच्या बाजारात जी भाजी दिसते त्यातली बरीचशी बेळगावहून येते. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर. बेळगावला माल भरायचा, जांबोटी, कणकुंबी करत रात्री घाटमाथा गाठायचा आणि उजाडायच्या आत केरीला उतरून साखळीत यायचं, हा आमच्या ट्रकचा धंदा. ट्रक दादा चालवतो. हिशेब, कागदपत्रं, इन्शुरन्स, पासिंग आणि स्पेअर पार्टची खरेदी माझ्याकडे. बाहेरच्या माणसाच्या एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. घाटातल्या बहुतेक गाड्यांची दमछाक चढताना होते, आमची गाडी मात्र दर फेरीला भरलेली असते ती उतरताना. सातएकशे मीटरचा उतार, वळणावर वळणं, आणि श्रावणात धुकं असं की बोनेटच्या पुढचं दिसत नाही.

घाटात गाडी ब्रेकनं धरायची नसते, गिअरनं धरायची असते. ब्रेक लागोपाठ दाबत राहिलं की ड्रम तापतात, लायनर तापतात, आणि मग पेडल पायाखाली असूनही नसल्यासारखं होतं. म्हणून जुने ड्रायव्हर नव्याला पहिलं हेच सांगतात की ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. इंजिनाचा धूर अडवून गाडी आवरणारा एक्झॉस्ट ब्रेकसुद्धा गिअर अडकलेला असेल तरच कामाचा. इंजिन आणि चाकं यांच्यातला दुवाच तुटला तर इंजिन कितीही आवळून धरा, चाकांना त्याचा पत्ता नाही.

आता हा दुवा कधी तुटतो? तिसऱ्यातून दुसऱ्यात घेताना. तिसरा सुटला आणि दुसरा पडलाच नाही, तर गाडी न्यूट्रलवर. मागे सात-आठ टन भाजी, पुढे उतार. दोन-तीन सेकंदांत वेग एवढा वाढतो की आता दुसरा सोडा, तिसराही परत पडत नाही. मग उरतो तो फक्त पायाखालचा ब्रेक. घाटातल्या अपघातानंतर पेपरात 'ब्रेक निकामी झाल्यानं' असं वाचते तेव्हा माझ्या मनात येतं, त्याच्या आधी काय झालं होतं? गिअर कुठला होता? ते कधी छापून येत नाही.

गेल्या पावसाळ्यात दादा म्हणू लागला की दुसरा गिअर अडतोय. गाडी थंड असताना ठीक, घाटात तापली की लिव्हर हाताला उलटी मारते, आत कर्र वाजतं. तो डबल क्लच करून, म्हणजे मधे न्यूट्रलला क्लच सोडून पुन्हा दाबून, वेळ मारून नेत होता. आमचा दादा तक्रार करणाऱ्यातला नाही. तो स्वतःहून बोलला म्हणजे बरेच दिवस सोसलं असणार, हे मी ओळखलं.

गिअरबॉक्सच्या आत काय चालतं ते मी मेस्तकाकांकडून समजून घेतलं. डिचोलीच्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज आहे. खाणीच्या दिवसांपासून आमच्या गाड्या त्यांच्याकडे जातात. त्यांनी एका जुन्या, उघड्या पेटीतून पितळेची एक रिंग काढून माझ्या हातात दिली. बांगडीहून थोडी मोठी, जड, आतून निमुळती. आतल्या अंगाला बारीक आटे कोरलेले, बोट फिरवलं की खरखरीत लागतात. ही सिंक्रोनायझरची रिंग. गिअरच्या अंगाला एक पोलादी कोन असतो, रिंग त्याच्यावर येऊन टेकते. ड्रायव्हरनं लिव्हर ओढली की रिंग कोनावर दाबली जाते, ते बारीक आटे मधला तेलाचा थर कापतात, पितळ पोलादाला घासतं, त्या घासण्यानं दोघांचा वेग सारखा होतो, आणि मगच स्लीव्ह पुढे सरकून दात अडकतात. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. आटे झिजले तर रिंग कोनावरून नुसती घसरते, वेग जुळत नाही, आणि दातावर दात आपटतात. कर्र आवाज तो त्याचा.

तेव्हा मला या तेलाची अवघड गोम कळली. गिअरच्या दातांना हवं असतं घासू न देणारं तेल, आणि त्याच पेटीतल्या पितळी रिंगला हवं असतं नेमकं हवं तेवढं घासू देणारं. एकाच तेलानं दोघांचं समाधान करायचं. दुकानात डब्यावर डबे रचलेले असतात त्यातून आपला डबा निवडायचा तो यावर.

मेस्तकाकांनी गाडी पिटवर घेतली तेव्हा मी तिथेच होते. गाडी नुकतीच आली होती, तेल गरम होतं. गरम असतानाच सोडायचं, म्हणजे तळाचा गाळही त्याबरोबर येतो. ड्रेन प्लग सोडला. प्लगच्या टोकाला लोहचुंबक असतं, त्यावर करड्या रंगाचा मऊ लगदा साचला होता. काकांनी तो दोन बोटांत चोळला. खरखर नाही, कपची नाही. "हे चालतं," ते म्हणाले, "दात झिजतात त्याची ही पूड. पण हे बघ, बाय." त्यांनी पसरट ट्रेमधलं काळपट तेल उन्हाकडे तिरकं केलं. तेलात सोनेरी चमक फिरत होती, अगदी बारीक, जरीसारखी. ती चुंबकाला चिकटलेली नव्हती, कारण पितळ चुंबकाला चिकटत नाही. रिंगचे आटे त्या ट्रेमध्ये तरंगत होते. वास तर असा की गॅरेजभर सडक्या अंड्यासारखा दरवळ. जड गंधकाचं तेल.

ट्रक आम्ही जुना विकत घेतलेला. पहिल्या मालकाकडच्या बिलांची पिशवी मी जपून ठेवली होती. त्यात एका गॅरेजचं बिल सापडलं. गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग, म्हणजे मागच्या अॅक्सलची गिअरची पेटी, दोन्हीकडे एकच तेल घातलेलं होतं, जीएल-५. आमच्या गाडीच्या पुस्तकात गिअरबॉक्सला जीएल-४ लिहिलं आहे.

हे जीएल म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं (एपीआय) ठरवलेले गिअर ऑइलचे दर्जे. आकडा वाढला म्हणजे माल चांगला, असं आपल्याला वाटतं, आणि दुकानदारही तसंच सांगतो. इथे तसं नाही. मागच्या हाउसिंगमध्ये क्राउन आणि पिनियन हे दोन गिअर असतात. बहुतेक गाड्यांत त्यांचे दात हायपॉइड पद्धतीचे, म्हणजे एकमेकांवर लोळण्यापेक्षा घसरतातच जास्त. तिथे दाब इतका की साधं तेल चेपून बाहेर फेकलं जातं. म्हणून जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची मात्रा जीएल-४ च्या जवळजवळ दुप्पट. जिथे दात तापतात तिथे हे गंधक लोखंडाशी संयोग पावून एक पातळ थर तयार करतं, आणि दातांऐवजी तो थर झिजतो. लोखंडाला हे वरदानच. पण तापलेल्या पेटीत क्रियाशील गंधक पितळेलाही सोडत नाही. पितळ काळं पडतं, खाल्लं जातं. शिवाय ते तेल इतकं गुळगुळीत की रिंगला कोन नीट पकडताच येत नाही. हाउसिंगसाठी उत्तम असलेलं तेल गिअरबॉक्समध्ये हळूहळू घात करतं, आणि करतं ते घाटात, गाडी तापलेली असताना.

म्हणून मला वाटतं, गिअर ऑइल हा वंगणाच्या खात्यातला खर्च नव्हेच, तो ब्रेकच्या खात्यातला खर्च आहे. आमच्या वहीत मी आता तो तिथेच लिहिते.

नंबराचा गोंधळ तर सगळीकडे. गॅरेजात गिअर ऑइलला 'नव्वद नंबर' आणि 'एकशेचाळीस नंबर' म्हणतात. इंजिनात चाळीस नंबर आणि गिअरबॉक्समध्ये नव्वद, म्हणजे हे दुपटीहून घट्ट, असा सर्रास समज. मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. शंभर अंश सेल्सिअसला चाळीस नंबरचं इंजिन ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या (हे दाटपणाचं माप) दरम्यान बसतं आणि नव्वद नंबरचं गिअर ऑइल १३.५ ते १८.५ च्या. म्हणजे दोघं जवळजवळ शेजारी. एकशेचाळीस मात्र २४ च्या वर, खरोखरच दाट. गिअरबॉक्स आवाज करू लागला की त्यात एकशेचाळीस ओतायचं, हा आपल्याकडचा जुना उपाय. आवाज दबतो, हे खरं. पण दाट तेल घुसळायला जास्त शक्ती लागते, ती उष्णतेत जाते, आणि रिंगला तो दाट थर कापायला वेळ लागतो. आजार तसाच राहतो, फक्त ऐकू येईनासा होतो. घाट उतरणाऱ्या गाडीत मला ते ऐकू यायला हवं आहे.

बाबांना हे सगळं ऐकवलं आणि गिअरबॉक्समध्ये सिंथेटिक, म्हणजे रसायनांपासून बनवलेलं, जीएल-४ घालूया म्हटलं, तेव्हा ते गप्प बसून ऐकत राहिले. त्यांचा काळ वेगळा होता. डिचोलीच्या खाणीतून आमोण्याच्या, सारमानसच्या धक्क्यावर खनिज नेणारा टिपर त्यांनी घेतला, तेव्हा दिवसाच्या फेऱ्यांवर पैसे मिळायचे. रस्त्याच्या कडेची झाडं तांबडी, घरांची कौलं तांबडी, आणि टिपरांची रांग संपत नसे. तेल बॅरलमधून सुटं यायचं, जे यायचं ते सगळ्या पेट्यांत जायचं. थांबायला कुणाला वेळ होता? मग सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारनं खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०१४ च्या एप्रिलमध्ये ती उठली, वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेसकट. ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयानं ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून सगळं परत ठप्प. दारात उभ्या टिपरांच्या चाकांना गवत लागलेलं मी पाहिलं आहे. आमचा टिपर विकला तेव्हा त्याचे जेमतेम लोखंडाचे पैसे आले. त्यानंतर घेतलेली ही गाडी आमच्या घराची एकच गाडी आहे. ती आठ दिवस गॅरेजात पडली तर आठ दिवस चूल दुसऱ्याच्या भरवशावर. बाबा म्हणाले, "तू म्हणतेस ते घाल. पण दुप्पट पैसे कशाला, ते मला सांग."

रास्त प्रश्न होता. जीएल-४ चं साधं खनिज तेल मिळतंच. मग सिंथेटिक कशाला?

इंटरनेटवर सिंथेटिकचं जेवढं कौतुक वाचाल, त्यातलं निम्मं थंडीचं. ७५डब्ल्यू-९० मधला ७५डब्ल्यू म्हणजे उणे ४० अंशालाही ते तेल ठरलेल्या मर्यादेपेक्षा घट्ट होत नाही. ८०डब्ल्यूची तीच कसोटी उणे २६ ला. बर्फात गाडी रात्रभर उभी करणाऱ्यांना याचं मोल आहे. आमच्याकडे बेळगावच्या पौषातली पहाट ही थंडीची परमावधी, आणि तिथे खनिज तेलालाही काही होत नाही. तेव्हा त्या गुणासाठी गोव्यातल्या माणसानं एक रुपयाही जास्त देऊ नये.

अमेरिकेत तर ट्रक म्हटलं की पिकअपही आला, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा. त्याचं तेल लाल आणि पातळ, त्याचे दर्जे वेगळे. तिथला सल्ला उचलून इथल्या मॅन्युअल गिअरबॉक्सला लावण्यात अर्थ नाही.

आमच्या कामाचा गुण वेगळाच, आणि तो उष्णतेचा. आम्हाला वर जाताना कधी कुंडईच्या कारखान्यांचा माल मिळतो. मे महिन्यात भरल्या गाडीनं खालच्या गिअरात अख्खा घाट चढायचा, गाडीचा वेग एवढा कमी की पेटीला वारा लागत नाही. उतरताना तेच दात उलट्या अंगानं भार घेतात. तेल तापत राहतं. तेल हवेशी संयोग पावून खराब होतं, आणि तापमान दर १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. ८० अंशांवर जे तेल दोन वर्षं टिकेल ते १०० वर सहा महिन्यांत दमेल, एवढा फरक. सिंथेटिकचं खरं बळ इथे. ते उशिरा करपतं, तापल्यावर खनिज तेलाइतकं पातळ होत नाही, आणि गाळ कमी धरतं. अमेरिकेत ईटन कंपनीनं आपल्या हायवे ट्रकांच्या गिअरबॉक्सना मान्यतेच्या सिंथेटिकवर ५ लाख मैलांची मुदत दिली ती याच बळावर. धूळ-चिखलातल्या कामाला मात्र तीच कंपनी कितीतरी कमी मुदत देते, आणि चोर्ल्याचा पावसाळा कुठल्या रकान्यात बसतो हे सांगायला नको.

डब्यावर सिंथेटिक लिहिलंय एवढ्यानं मात्र भागत नाही. १९९९ साली अमेरिकेत जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेपुढे दोन बड्या तेल कंपन्यांचा वाद गेला, आणि तेव्हापासून खनिज तेलावर हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून काढलेलं, मूळ तेलांच्या वर्गवारीतलं ग्रुप तीनचं तेलही सिंथेटिक म्हणून विकायला आडकाठी उरली नाही. रसायनांपासून बांधून काढलेलं पीएओ हे ग्रुप चार. ग्रुप तीन वाईट नाही. पण किंमत ग्रुप चारची लावून आत ग्रुप तीन असेल तर ते मला कळायला हवं. त्यासाठी डब्याचा दर्शनी भाग सोडून कंपनीची तांत्रिक माहितीची पत्रकं वाचावी लागतात. मी ती मागवली, छापून घेतली, पेन्सिलीनं खुणा केल्या. दोन कंपन्यांनी मूळ तेल कुठलं ते सांगितलंच नाही. ती दोन्ही मी बाजूला ठेवली.

मग गाडी कंपनीचं की बाहेरचं? गाडी बनवणारी कंपनी स्वतः तेल गाळत नाही. तेल कंपनीकडून आपल्या मापात बनवून घेते आणि आपलं नाव छापते. त्या नावाचा फायदा एवढाच की पेटीला काय चालतं याची जबाबदारी ती घेते. वॉरंटी चालू असलेल्या गाडीला मी बिनदिक्कत तेच घाला म्हणेन. आमच्या गाडीची वॉरंटी कधीच संपलेली, तेव्हा हात मोकळे होते. सुट्या भागांचा बाजार आपल्याच मुठीत ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ साली १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. बाहेरचा माल घेणं हा ग्राहकाचा हक्क आहे, असं मला मनापासून वाटतं. पण मग पारखही आपल्यालाच करायची.

पारख करताना मला सगळ्यात उपयोगी पडली ती एक साधी माहिती. इंजिन ऑइलच्या डब्यावर एपीआयचं जे गोल चिन्ह असतं ते परवान्यानं मिळतं. गिअर ऑइलला असा परवानाच नाही. डब्यावर छापलेलं जीएल-४ हे तेल कंपनीचं स्वतःचं म्हणणं असतं. म्हणून गिअरबॉक्स बनवणाऱ्याची मान्यता बघायची. झेडएफसारखी कंपनी आपल्या याद्या उघड प्रसिद्ध करते, ट्रक-बसच्या गिअरबॉक्ससाठी टीई-एमएल ०२ ही यादी. यादीत त्या तेलाचं नाव असणं वेगळं, आणि डब्यावर 'साठी योग्य' असं लिहिलेलं असणं वेगळं. पहिल्यात कुणीतरी तपासून सही केलेली असते. जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही एकत्र लिहिलेल्या डब्यांनाही मी हीच कसोटी लावली. काही तेलं खरोखर दोन्ही कामं करतात, गंधक पितळेला न झोंबणारं वापरून. पण मग तांब्याच्या पट्टीची चाचणी काय सांगते ते पत्रकात दाखवा. तेलात बुडवून तापवलेली तांब्याची पट्टी किती काळवंडते, त्यावर आकडा देतात. एक म्हणजे जेमतेम डाग, चार म्हणजे कोळसा.

सीलबद्दल मेस्तकाका आधीच बजावत होते की सिंथेटिक घातलं की गळती सुरू होते. त्यांच्या भीतीत तथ्य आहे. पीएओ तेलानं रबर किंचित आकसतं, म्हणून कंपन्या त्यात रबर फुगवणारे एस्टर मिसळून तोल साधतात. शिवाय जुन्या गाडीत कडक झालेल्या सीलभोवती गाळ बसून त्यानंच गळती अडवलेली असते. चांगलं तेल तो गाळ धुऊन काढतं, आणि सीलचं खरं वय उघडं पडतं. आम्ही दोन्ही टोकांची सील आधी बदलली. पेटी रिंगसाठी उघडणारच होती, त्यामुळे मजुरी वेगळी पडली नाही.

आता पाण्याचं बोलते, कारण गोव्यात याच्याकडे लक्ष न देता तेल निवडणं म्हणजे अर्धंच काम. आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरी तालुक्यात त्याहून जास्त. प्रत्येक गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक छोटं टोपण असतं, ब्रीदर. पेटी तापली की आतली हवा फुगते, ती तिथून बाहेर जाते. थंड झाली की तिथूनच आत येते. घाट उतरून तापलेली गाडी खालच्या तुंबलेल्या रस्त्यावर पाण्यात शिरली तर पेटी एकदम थंड होते, आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बाहेरचं जे असेल ते ओढून घेतो. चिखलाचं पाणीसुद्धा. सर्व्हिसिंगच्या ठिकाणी प्रेशरचा फवारा नेमका ब्रीदरवर मारणारे लोक असतात, त्यांनीही तेच होतं. पाणी मिसळलेलं तेल घुसळून दुधाळ होतं, आणि एकदा दुधाळ झालं की ते कितीही महागाचं असो, टाकूनच द्यावं लागतं. पाण्यापुढे सिंथेटिकची मातब्बरी चालत नाही.

यावरचा उपाय तेलाच्या किमतीपुढे काहीच नाही. ब्रीदरचं टोपण काढून तिथे रबरी नळी बसवायची आणि तिचं टोक केबिनच्या मागे उंचावर, तोंड खाली करून बांधायचं. काकांनी ती नळी माझ्यासमोर बसवली, क्लिप दोनदा आवळून पाहिली. आणि हरतालिका-चतुर्थीची भाजी संपली, पाऊस ओसरू लागला की लेव्हल प्लग सोडून बोट घालून तेलाचा रंग बघायचा, हे आमच्या घरच्या कामांत आता धरलेलं आहे.

बाबांच्या प्रश्नाला मी कागदावर उत्तर दिलं. सिंथेटिक दुप्पट-अडीचपट महाग. पण बदलण्याची मुदतही निदान दुपटीनं लांबते, म्हणजे गाडी कमी वेळा पिटवर चढते, तेवढा धंदा बुडत नाही. तेलापुरता हिशेब जेमतेम जुळतो. नुसतं पैशात बघायचं तर साधं जीएल-४ वेळच्या वेळी बदलत राहणं हेही वाईट नाही, आणि ज्याची गाडी सपाटीवर मडगाव-पणजी करते त्याला मी तेच सांगेन. आमचा पैसा मी घाटासाठी दिला. मे महिन्यात, भरल्या गाडीनं, तापलेल्या पेटीत दुसरा गिअर पहिल्या ओढीत पडला पाहिजे, त्यासाठी. बाबांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि दादाला म्हणाले, "पितळी रिंगा सगळ्याच बदल. एकच बदलून वाचवू नकोस."

डबे मी कंपनीच्या नेमलेल्या वितरकाकडूनच आणले, बिलासकट, बॅच नंबर बिलावर लिहून घेऊन. रिकामे डबे परत भरून विकणारे आहेत. त्यामुळे आमचे डबे रिकामे झाल्यावर काकांनी त्यांना स्क्रूड्रायव्हरनं भोकं पाडली. जुनं तेल ड्रममध्ये साठवून नोंदणीकृत रिसायकलवाल्याला दिलं. वाळवंटी नदीचं पाणी आम्हीच पितो, पडोश्याच्या प्रकल्पातून नळाला तेच येतं. गॅरेजच्या मागच्या ओहोळात ओतलेलं तेल शेवटी जातं तिथेच.

गिअरबॉक्समध्ये ७५डब्ल्यू-९०, जीएल-४, पीएओचं. लेव्हल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, थेंबभरही जास्त नाही, कारण जास्त भरलं तर ते फेसाळतं, तापतं आणि सीलमधून वाट काढतं. मागच्या हाउसिंगमध्ये मात्र खनिज जीएल-५ च ठेवलं, पुस्तकात दिल्याप्रमाणे. तिथे पितळ नाही, आणि क्राउन-पिनियनला ते जड गंधक हवंच. दोन पेट्या, दोन तेलं. पुढे कधी गाडी वाटेत बंद पडून अनोळखी गॅरेजात गेली तर तिथला माणूस एकाच बादलीतून दोन्हीकडे ओतेल, ही धास्ती होती. म्हणून दादानं भरायच्या दोन्ही प्लगांशेजारी पिवळ्या ऑइल पेंटनं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, पुढे जीएल-४, मागे जीएल-५. पहिल्या तेलात नव्या रिंगांची पूड उतरते, म्हणून ते ठरल्या मुदतीच्या बरंच आधी सोडायचं आहे. दिवाळीच्या भाजीची गर्दी संपली की गाडी परत पिटवर जाईल, आणि तो ट्रे उन्हात तिरका करून बघायला मी जाणार आहे.